ट्रॅक कार ओढायला गाडी घेताय? ब्रोशर नंतर, आधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा

ट्रॅक कार, म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर पळवायची कार, ट्रेलरवर टाकून न्यायची ठरली की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ही गाडी किती किलो ओढते? मी पण तोच विचारला होता, आकडा ऐकला, माझ्या ट्रेलरच्या वजनापेक्षा हजारभर किलो जास्त निघाला म्हणून खूश होऊन गाडी घेऊन टाकली. ओढायला खरंच काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो उतारावर सांभाळताना, त्याबद्दल खाली सांगतोच. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की ओढणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, आजकालचं कुठलंही बरं इंजिन ते करतं. अवघड आहे ते मागचं अडीच टनाचं धूड पेलणं, सरळ ठेवणं आणि हवं तिथं थांबवणं. गाडी निवडायची ती या तीन कामांसाठी.

सुरुवात शोरूममधून करू नका, स्वतःच्या गॅरेजमधून करा. ट्रेलरसकट सगळं मिळून वजन किती होणार ते कागदावर मांडा, आणि अंदाजपंचे नाही, एकेक वस्तू धरून. माझा हिशेब सांगतो. ट्रॅक कार १२०० किलो, रोल केज आणि निम्मी टाकी पेट्रोल धरून. स्टीलचा उघडा ट्रेलर ९०० किलो. जास्तीची चार चाकं टायरसकट ८० किलो. कॅनमधलं पेट्रोल ६० लिटर, लिटरला साधारण पाऊण किलो धरा म्हणजे कॅनसकट ५० किलो. जॅक, स्टँड, टूलबॉक्स मिळून ९०. तंबू, खुर्च्या, पाणी, ब्रेक पॅड, जास्तीचे डिस्क, ऑइल असं सगळं ८०. ट्रेलरचं स्वतःचं स्पेअर चाक, पट्टे, विंच ५०. झाले २४५० किलो. मी सुरुवातीला फक्त कार अधिक ट्रेलर असं २१०० धरून बसलो होतो, म्हणजे साडेतीनशे किलो माझ्या हिशेबातच नव्हते. बहुतेकांचं हेच होतं, कारण हे सामान एकेक करून वाढतं आणि पहिल्या ट्रॅक डेला जे दोन पिशव्यांत मावतं त्याला तिसऱ्या वर्षी अख्खा ट्रेलर पुरत नाही. त्यामुळे आजच्या बेरजेवर दहा-पंधरा टक्के चढवूनच पुढं जा.

आता या २४५० मधलं काही वजन ट्रेलरच्या चाकांवर नाही तर तुमच्या गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या ट्रेलर जोडायच्या जागेवर पडतं, त्याला टंग वेट म्हणतात. ट्रेलर रस्त्यावर शांत चालायला हवा असेल तर अमेरिकन पद्धतीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर हवं. १२ टक्के धरले तर माझे झाले २९४, सरळ ३०० धरूया. युरोपातली पद्धत वेगळी, तिकडे ट्रेलर ओढायचा वेग कमी आणि हिचवरचा भार पण कमी, ५ ते ७ टक्क्यांवर काम चालवतात आणि गाडीच्या कागदावर हिचवरच्या भाराची मर्यादा किलोत लिहिलेली असते, ती बऱ्याच साध्या गाड्यांना ७५ ते १०० किलोच असते. तुम्ही कुठल्या पद्धतीचा ट्रेलर आणि कुठल्या पद्धतीची गाडी जोडताय हे आधी ठरवा, दोन्हीकडचे आकडे एकत्र करून चालत नाही.

हे ३०० किलो कुठून येणार? पेलोडमधून. आणि इथंच सगळ्यांची फसगत होते. पेलोड म्हणजे गाडीत आणि गाडीवर मिळून किती वजन ठेवता येतं तो आकडा, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो त्यावर, म्हणजे निदान अमेरिकन बाजारातल्या गाड्यांवर, माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या वर जाऊ नका असं स्पष्ट छापलेलं असतं. तो आकडा त्या मॉडेलचा नसतो, तुमच्या समोर उभ्या असलेल्या त्याच एका गाडीचा असतो. ब्रोशरमधला पेलोड सगळ्यात हलक्या, सगळ्यात साध्या व्हेरियंटचा. काचेचं छत, पॉवर सीट, मोठी अलॉय, सनरूफ, पायऱ्या हे सगळं कंपनीनं लावून दिलं की तेवढं पेलोडमधून गेलं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत दीडदोनशे किलोचा फरक सहज पडतो आणि गंमत म्हणजे महागडी गाडी कमी पेलते. युरोपियन कागदपत्रांत गाडीच्या रिकाम्या वजनातच ड्रायव्हरचे ७५ किलो धरलेले असतात, ते दोनदा धरू नका.

समजा स्टिकरवर ६४० लिहिलंय. त्यातून टंग वेट ३०० वजा. वजन वाटणारी हिच लावली, म्हणजे ती जाड सळ्यांची, जी हिचवरचा भार थोडा पुढच्या चाकांकडे पण वाटते, तर तिचे ४०. तीन माणसं २४०. बॅगा आणि आइसबॉक्स ४०. राहिले किती, २० किलो. आणि ब्रोशर सांगतंय की ही गाडी साडेतीन टन ओढते! ओढेलही, पण साडेतीन टनाच्या ट्रेलरचं टंग वेट चारशेच्या वर जातं, मग गाडीत एकटा ड्रायव्हर बसणार आणि दोघं मित्र मागून दुसऱ्या गाडीत येणार. माझ्या बघण्यात तरी सर्वसाधारण एसयूव्ही आणि पिकअपमध्ये टो रेटिंगच्या, म्हणजे ओढायच्या वजनाच्या आकड्याच्या, कितीतरी आधी पेलोड संपतो. म्हणून पहिला आकडा पेलोड, दुसरा मागच्या ॲक्सलची मर्यादा, तिसरा गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा म्हणजे जीसीडब्ल्यूआर, आणि टो रेटिंग सगळ्यात शेवटी. मागच्या ॲक्सलचं एवढं महत्त्व का, तर हिच मागच्या चाकांच्या बरीच मागं असते, त्यामुळे ३०० किलो हिचवर पडले की मागच्या ॲक्सलवर ३०० नाही, त्याहून जास्त पडतात आणि तो जास्तीचा भाग पुढच्या ॲक्सलवरून उचलला जातो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले लागतात.

टो रेटिंग अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं आकडा काढायची. २००८ साली एसएई जे२८०७ नावाचं मानक आलं आणि टोयोटानं २०११ च्या टुंड्रापासून ते सगळ्यात आधी वापरायला घेतलं, तेव्हा त्यांच्याच गाडीचं रेटिंग खाली आलं. पुढं बाकीच्या मोठ्या कंपन्या पण आल्या. यातली एक परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावरची आहे, साधारण १८ किलोमीटरचा चढ, बाहेर ३८ अंशांच्या वर ऊन, एसी फुल चालू, आणि ट्रेलर ओढत साध्या पिकअपला ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही. त्यामुळे जे२८०७ चं रेटिंग असेल तर इंजिन आणि कूलिंगबद्दल निर्धास्त राहायला हरकत नाही. पण त्याच मानकात गाडीत ६८-६८ किलोची दोनच माणसं धरलेली आहेत, तिसरा माणूस नाही, मागं टूलबॉक्स नाही. तुम्ही असे रिकाम्या हातानं ट्रॅकवर जाणार आहात का?

आता व्हीलबेस. यावर लोक फार कमी बोलतात आणि माझ्या मते पेलोडच्या खालोखाल हीच गोष्ट महत्त्वाची. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर जास्त आणि मागच्या चाकापासून हिचपर्यंत अंतर कमी, अशी गाडी हवी. ट्रेलर आडवा झुकला की तो हिचला बाजूला ढकलतो, हिच जितकी मागं तितका त्याला तरफेचा फायदा जास्त, आणि व्हीलबेस जितका लांब तितकी गाडी त्याला पुरून उरते. आखूड, उंच, दिसायला दणकट एसयूव्ही या कामात मार खाते.

माझी पहिली गाडी तशीच होती, व्हीलबेस पावणेतीन मीटरच्या आत. ट्रेलरवर कार चढवली आणि मोकळी जागा मागं होती म्हणून चारही जास्तीची चाकं मागच्या टोकाला बांधली. सपाट रस्त्यावर दोन तास काहीही जाणवलं नाही. मग लांब उतार लागला, वेग ९५ च्या आसपास, शेजारून मोठा ट्रक गेला, त्याच्या हवेनं ट्रेलर एकदा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. मी स्टिअरिंगनं सरळ करायला गेलो आणि तिथंच चुकलो, कारण माझा हात पोचेपर्यंत ट्रेलर उलट्या बाजूला निघालेला असायचा, म्हणजे मीच त्याला झोका देत होतो. पाचावर धारण बसली होती. शेवटी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग घट्ट सरळ धरून ठेवलं आणि ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डबीची, पट्टी हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, तेव्हा तो मागून ताणला गेला आणि सरळ झाला. बाजूला थांबल्यावर बराच वेळ हात थरथरत होते. असं झालं तर करायचं ते एवढंच, गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही, वेग वाढवायचा तर अजिबातच नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही, ट्रेलरचा ब्रेक हातानं लावायचा.

घरी आल्यावर टंग वेट मोजलं. १८० किलो निघालं, म्हणजे २४५० च्या सव्वासात टक्के. मोजायला वजनाचा साधा बाथरूम काटा पुरतो, फक्त सरळ त्याच्यावर ट्रेलर टेकवू नका, फुटेल. एक मजबूत लाकडी ओंडका घ्या, त्याचं एक टोक विटेवर, दुसरं टोक काट्यावर, मधलं अंतर ९० सेंटीमीटर, आणि ट्रेलरचं तोंड विटेपासून ३० सेंटीमीटरवर टेकवा, विटेवर आणि काट्यावर खाली एकेक पाइपचा तुकडा ठेवला की टेकण्याची जागा नेमकी राहते. ओंडका सपाट राहायला हवा आणि ट्रेलरचं तोंड प्रवासात असतं त्याच उंचीवर हवं. काट्यावर येईल त्यातून नुसत्या ओंडक्याचं वजन वजा करा आणि तिनानं गुणा. वजा करून मला ६० मिळाले होते.

मग चाकं मागून काढून पुढं आणली आणि कार १० सेंटीमीटर पुढं घेतली, बाकी काही बदललं नाही. १८० चे २९० झाले! हिशेब सोपा आहे, हिचपासून ट्रेलरच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत माझ्याकडे ४ मीटर आहेत, १२०० किलोची कार १० सेंटीमीटर सरकली की टंगवर ३० किलो वाढतात, आणि ८० किलोची चाकं ॲक्सलच्या २ मीटर मागून २ मीटर पुढं आली म्हणजे ४ मीटर सरकली, त्याचे पूर्ण ८०. तेव्हापासून ट्रेलरच्या फळीवर पुढच्या टायरसाठी रंगाची रेघ मारून ठेवलीय, दर वेळी त्याच रेघेवर चाक. इंजिन मागं असलेली कार असेल तर हा हिशेब पूर्ण बदलतो, ती बऱ्याचदा उलटी म्हणजे मागचं तोंड पुढं करून चढवावी लागते, मोजल्याशिवाय कळणार नाही.

गाडी आखूड असली तरी टंग वेट बरोबर ठेवून ती चालवता येते, पण चुकीला जागा राहत नाही. लांब गाडी एखादी चूक पोटात घालते. म्हणून दुसरी गाडी घेताना मी साडेतीन मीटरच्या पुढचा व्हीलबेस ही अटच घातली.

इंजिनाबद्दल थोडक्यात. गाडी अधिक ट्रेलर मिळून ४९०० किलो, ६ टक्क्यांचा चढ, वेग ८०, तर फक्त वर चढण्यासाठी साधारण ६४ किलोवॅट म्हणजे ८७ हॉर्सपॉवरच्या आसपास लागतात, त्यावर हवा आणि टायरचा विरोध. म्हणजे दीडशे हॉर्सपॉवर चाकांपर्यंत पोचत असतील तर काम होतं आणि आज ते बहुतेक सगळ्यांकडे असतात. प्रश्न असतो की ते अर्धा तास सलग देताना काय तापतं. सगळ्यात आधी तापतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यामुळे कंपनीचं टोइंग पॅकेज असलेली गाडीच बघा, त्यात बहुतेक वेळा वेगळा ट्रान्समिशन कूलर, जास्त ताकदीचा रेडिएटर, वायरिंग हे सगळं येतं, नुसती हिच नंतर वेल्डिंग करून बसवलेली गाडी आणि टोइंग पॅकेजवाली गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॅशबोर्डवर ट्रान्समिशनचं तापमान दिसत असेल तर उत्तम, नसेल तर ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायच्या, स्वस्त रीडरवर बऱ्याच गाड्यांत दिसतं. ८०-९५ अंश नेहमीचं, १२० च्या वर जायला लागलं की थांबायचं. टो-हॉल मोड असेल तर वापरा, तो गिअर उगाच वरखाली करत नाही आणि ब्रेक मारल्यावर स्वतःहून खालचा गिअर टाकतो. उंचावर राहणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, बिनटर्बोचं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद घालवतं, दीड हजार मीटरवर १५ टक्के गेले, टर्बोला याचा फारसा फरक पडत नाही.

डिझेल की पेट्रोल यावर भांडणं चालूच असतात. मला डिझेल आवडतं ते चढासाठी नाही, उतारासाठी. मोठ्या डिझेल पिकअपमध्ये एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे एक्झॉस्ट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा ब्रेक, असतो आणि तो चालू केला की लांब उतारावर पायाला काम राहत नाही, ब्रेक थंड राहतात. पण वर्षातून सहा-आठ वेळाच ट्रेलर जोडणार आणि बाकी दिवस गाडी दोन किलोमीटरवर भाजी आणायला जाणार असेल तर डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, चोंदून नाकी नऊ आणतो, अशांनी सरळ मोठं पेट्रोल इंजिन घ्यावं आणि उतारावर खालचा गिअर टाकून आरपीएम वर राहू द्यावा, इंजिन ओरडतं पण त्याला काही होत नाही.

ॲक्सल रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला ड्राइव्हशाफ्टच्या किती फेऱ्या होतात तो आकडा, बघायला विसरू नका. एकच पिकअप, एकच इंजिन, ३.३१ चा ॲक्सल असेल तर रेटिंग वेगळं आणि ३.७३ चा असेल तर वेगळं, फरक टनाच्या जवळपास जाऊ शकतो. विकणाऱ्याला बऱ्याचदा स्वतःलाच माहीत नसतं. स्टिकरवर ॲक्सलचा कोड असतो किंवा चेसिस नंबरवरून कळतं, तो शोधा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्यात आपली ओळ नेमकी कुठली ते बघा.

ब्रेकच्या बाबतीत माझा एकच आग्रह आहे, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत आणि ते चालू हवेत. ४९०० किलो ताशी ९० नं जाताना जी ऊर्जा असते ती एकट्या गाडीच्या दुप्पट असते, ती सगळी गाडीच्या डिस्कमध्ये जिरवायची म्हटलं तर दुसऱ्या उतारावरच पेडल मऊ लागतं. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीत कंट्रोलर लागतो, कंपनीनं दिलेला असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर बाहेरून लावताना प्रपोर्शनल प्रकारचाच घ्या, तो तुम्ही किती जोरात ब्रेक मारताय ते ओळखून तेवढाच ट्रेलरला देतो. टाइम-डिलेवाला स्वस्त असतो पण तो फक्त वेळ मोजतो. सेट करायला मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० वर हातानं पट्टी पूर्ण दाबा, ट्रेलरची चाकं घासत लॉक झाली तर गेन, म्हणजे कंट्रोलरवरचा ब्रेकच्या जोराचा आकडा, कमी करा, लॉक व्हायच्या जरा आधीवर ठेवा. रिकाम्या ट्रेलरला आणि भरलेल्या ट्रेलरला सेटिंग वेगळं लागतं, येताना-जाताना कार नसेल तर बदलायला लक्षात ठेवा.

मग नेमकी गाडी कुठली? कार हजार किलोच्या आतबाहेर असेल, पहिल्या पिढीची माझदा मियाटा वगैरे, आणि ट्रेलर ॲल्युमिनियमचा असेल तर सगळं मिळून १७००-१८०० किलोत बसतं, त्याला तीन टनाच्या आसपास रेटिंग असलेली मिड-साइज पिकअप किंवा एसयूव्ही आरामात पुरते. हलक्या ट्रेलरवर घातलेला पैसा हा माझ्या मते गाडीवर घातलेल्या पैशापेक्षा जास्त उपयोगी, कारण स्टीलपेक्षा दोन-तीनशे किलो वाचले की एक पायरी खालची गाडी चालते. बीएमडब्ल्यू ई३६ एम३ किंवा शेव्हरले कॉर्व्हेट सी५ सारखी चौदाशे-पंधराशे किलोची कार स्टीलच्या उघड्या ट्रेलरवर म्हटली की सामानासकट पावणेतीन टन होतात, इथं फुल-साइज पिकअप हवी, एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टुंड्रा यांच्यापैकी जिच्या स्टिकरवर पेलोड जास्त ती, ब्रँडवर जाऊ नका. सबर्बन, एक्स्पिडिशन मॅक्स या लांब एसयूव्ही पण छान चालतात, कुटुंब सोबत असेल तर त्याच बऱ्या, फक्त पेलोड तपासा. युरोपियन बाजारात साडेतीन टनाची लँड क्रूझर, टुआरेग, डिस्कव्हरी ही नेहमीची नावं. लांब व्हॅन पण विचारात घ्या, स्प्रिंटर किंवा ट्रान्झिट, व्हीलबेस लांब, टायर-टूल आत कुलपात, रात्री आतच झोपता येतं, मात्र एकूण वजनाची मर्यादा नीट वाचा.

बंद ट्रेलर घ्यायचा विचार असेल तर सगळं गणित नव्यानं मांडा. २४ फुटी बंद ट्रेलर रिकामाच पावणेदोन ते दोन टन असतो, कार आणि सामान धरून साडेतीन टनाच्या पुढं जातो. त्यापेक्षा मोठी अडचण वाऱ्याची. तो समोरून भिंत आहे आणि बाजूनं शीड आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे वजन मर्यादेत असूनही छोटी गाडी दमते, आणि काही मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा पण दिलेली असते जी कोणी वाचत नाही. बंद ट्रेलरला माझं उत्तर सरळ आहे, एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५०० या वर्गातली गाडी. आज उघडा आणि दोन वर्षांनी बंद घ्यायचं मनात असेल तर गाडी आत्ताच त्या मापाची घ्या, दोनदा गाडी बदलण्यात फार पैसा जातो.

इलेक्ट्रिकबद्दल बरेच जण विचारतात. ओढायला जबरदस्त, उतारावर रीजनमुळे, म्हणजे मोटरच गाडी रोखून बॅटरी भरते त्यामुळे, ब्रेक थंड, रिव्हियन आर१टीचं रेटिंग तर जवळजवळ पाच टन आहे. पण ट्रेलर लावला की रेंज साधारण निम्मी होते आणि बऱ्याच चार्जरवर ट्रेलर सोडून गाडी आत घ्यावी लागते. ट्रॅक दीडशे किलोमीटरच्या आत असेल आणि तिथं चार्जिंग असेल तर जरूर घ्या, नाहीतर दिवसभर गाडी चालवून दमल्यावर परतीच्या वाटेवर अंधारात ट्रेलर सोडणं-जोडणं नको वाटतं.

जुनी गाडी बघायला जाताना टॉर्च आणि जुना कपडा न्या. खाली वाकून हिचचा रिसीव्हर, म्हणजे गाडीखालची चौकोनी नळी, बघा, भोक लांबट झालंय का, वेल्डजवळ गंज किंवा भेग आहे का. ट्रान्समिशनचं ऑइल बघता येत असेल तर कपड्यावर घ्या, लालसर असलं तर ठीक, तपकिरी आणि जळका वास आला तर हिनं आयुष्यभर जड ओझं ओढलंय आणि ऑइल कोणी बदललेलं नाही. मागची बाजू बसलीय का ते सपाट जागेवर बघा. मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग, म्हणजे हवेच्या पिशव्या, लावून उंची सरळ केलेली असेल तर फसू नका, एअरबॅगनं गाडी सरळ दिसते पण पेलोड एक किलोनंही वाढत नाही, ॲक्सल, चाकं आणि ब्रेक तेच राहतात. वायरिंग सात पिनांचं किंवा युरोपात तेरा पिनांचं आहे का बघा, चार पिनांच्या जोडणीत फक्त दिवे असतात, ब्रेकची वायर नसते. टायर कुठले ते पण वाचा, मऊ साइडवॉलचे पॅसेंजर टायर भाराखाली हलतात आणि गाडी मागून तरंगल्यासारखी वाटते, पिकअपला एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचे, टायर बरे. ट्रेलरच्या टायरवर तारखेचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, सहा वर्षांच्या पुढचे असतील तर टायरच्या नक्षीची खोली कितीही शिल्लक असू दे, बदला. यातले बरेच टायर ताशी १०५ किलोमीटरपर्यंतच्याच वेगासाठी असतात हे पण ध्यानात ठेवा.

हिच, बॉल, रिसीव्हर, कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) यांच्यावर प्रत्येकावर वेगळा आकडा कोरलेला असतो आणि सगळ्यात छोटा आकडा तोच तुमचा खरा आकडा. वजन वाटणारी हिच लावायची असेल तर आधी मॅन्युअल वाचा, काही युनिबॉडी, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या, एसयूव्हींना ती चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. चालत असेल तर ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या चाकाच्या कमानीची उंची जमिनीपासून मोजून ठेवा, जोडल्यावर परत मोजा, तीन सेंटीमीटर उचलली गेली असेल तर सळ्या ताणून ती निदान अर्धी तरी खाली आणा, किती आणायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. लायसन आणि इन्शुरन्सचं पण आधीच विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष वजन नाही तर कागदावर लिहिलेलं कमाल वजन धरतात, ट्रेलर रिकामा असला तरी.

गाडी पसंत पडली की पैसे देण्याआधी शक्य असेल तर आपला भरलेला ट्रेलर जोडून वजनकाट्यावर न्या. एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर, मग गाडीची चारही चाकं, मग सगळं मिळून. नंतर ट्रेलर सोडून एकट्या गाडीचं असंच पुढची चाकं आणि पूर्ण असं वजन. एवढ्यात पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलर, टंग वेट सगळं वजाबाकीनं निघतं, ते स्टिकरशेजारी ठेवून बघा. मग वीसेक किलोमीटर फिरवा, त्यात एक चढ आणि एक उतार हवा. थांबल्यावर ट्रेलरच्या चारही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हात न्या, एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. चाकांचे नट परत टॉर्क करा, म्हणजे ठरलेल्या जोरानं घट्ट करा. आणि काट्याची चिठ्ठी ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा, पुढच्या वेळी कोणी अजून एक टूलबॉक्स टाकूया म्हटलं की ती काढून बघायची.